घरगाडीतली वरची फळी

मोजणीदारांनी घरगाडी घ्यायचा निर्णय रविवारी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केला. कुणी काही बोललं नाही. घरात गेले तीन आठवडे असंही कुणी फारसं बोलत नव्हतं, त्यामुळे ही शांतता निर्णयाच्या बाजूची की विरोधातली, हे कळायला त्यांना मार्ग नव्हता. अखेर नऊ वर्षांच्या धाकटीने विचारलं, "घरगाडी म्हणजे काय?"

"जिच्यात राहता येतं अशी गाडी. आत ओटा असतो, जेवायला टेबल असतं आणि झोपायला एकावर एक फळ्या असतात. बंक म्हणतात त्यांना. दुकानात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात, पण आपण लहान घेणार आहोत, तेव्हा घरगाडी पुरे."

"राहायला आपल्याला घर आहे," बायको म्हणाली आणि कप विसळायला उठली.

आप्पांनी, म्हणजे मोजणीदारांच्या वडिलांनी, वर्तमानपत्र खाली न घेता एवढंच विचारलं, "गिअर किती?" आप्पा एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टींबद्दल त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असे.

थोरली, वय वर्षं सतरा, उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्या दारातच सगळ्याचं मूळ होतं. थोरलीला जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता, आणि ती संस्था घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर होती. बायको शाळेत भूगोल शिकवायची. जगातले सगळे समुद्र तिला तोंडपाठ होते आणि त्यांपैकी एकावरही तिचा विश्वास नव्हता. घरापासून दहा मिनिटांवर चांगलं कॉलेज असताना मुलीने इतक्या लांब का जावं, यावरून मायलेकींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि त्यानंतर दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. तेव्हापासून सगळा पत्रव्यवहार धाकटीमार्फत तोंडी चाले.

"आईला सांग, मला आज उशीर होईल."

"ताईला सांग, डबा टेबलावर आहे."

दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर उभ्या असायच्या. धाकटीने पहिले चार दिवस निरोप इमानाने पोचवले. नंतर ती त्यात काटछाट करू लागली आणि तिसऱ्या आठवड्यात भर घालू लागली. "आई म्हणते, डबा टेबलावर आहे आणि तुझं जांभळं पेन मला दे," असं ती अत्यंत गंभीरपणे सांगायची. थोरली पेन देऊन टाकायची, कारण खातरजमा करायची तर आईशी बोलावं लागलं असतं.

मोजणीदारांनी या परिस्थितीची रीतसर पाहणी केली. जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन भावांमध्ये हद्द कशी आखायची, हे त्यांना झोपेतसुद्धा जमलं असतं. आखलेली हद्द पुसायची कशी, हे मात्र कचेरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मोजून पाहिलं, तर घरात आतून बंद होणारी दारं पाच होती. घरगाडीला एकच असतं. दहा दिवस एकीच्या डोक्यावर दुसरी झोपली, की कधी ना कधी "जरा पाय आवर" एवढं तरी म्हणावंच लागेल, असा त्यांचा अंदाज होता. थोरली जायला दोन महिने उरले होते. हा अंदाज त्यांनी कुणाला सांगितला नाही. रजेच्या अर्जातसुद्धा "कौटुंबिक कारण" एवढंच लिहिलं, आणि वरिष्ठांनी "कुणी गेलं का?" असं हळू आवाजात विचारल्यावर "जाणार आहे" असं उत्तर दिलं. रजा ताबडतोब मंजूर झाली.

इमारतीत ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोचली. पहिला सल्ला दिला तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर सल्ला नेहमी समोरच्याचं तोंड उघडं असताना देत, त्यामुळे त्यांच्याशी आजवर कुणाचा मतभेद झाला नव्हता. मोजणीदारांच्या दाढेशी कापसाचे बोळे कोंबून ते म्हणाले, "लहान घेऊ नका. माझ्या साडूने लहान घेतली होती. पहिल्या सहलीत त्याचं बायकोशी भांडण झालं, दुसऱ्या सहलीत मेहुणीशी. मेहुणी म्हणजे आमची ही, म्हणून मला खात्रीने माहीत. घ्यायची तर मोठीच घ्या. पटतंय ना?"

"आँ," मोजणीदार म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

डॉक्टर निदान बोलून मोकळे व्हायचे. इमारतीचे सेक्रेटरी लिहायचे. समोर उभ्या असलेल्या माणसालाही ते आधी पत्र द्यायचे आणि मग नमस्कार करायचे. त्यांचं पहिलं पत्र सोमवारी आलं. 'आपण आणू इच्छित असलेली वस्तू वाहन आहे की निवास, याचा खुलासा करावा. वाहन असल्यास तीत स्वयंपाक करता येणार नाही. निवास असल्यास ती पार्किंगमध्ये ठेवता येणार नाही.'

मोजणीदारांनी पूर्ण विचारांती उत्तर लिहिलं, 'चालू असताना वाहन, थांबलेली असताना निवास.'

मंगळवारी दुसरं पत्र आलं. 'पार्किंगमध्ये ती थांबलेलीच असणार. तेव्हा आपल्याच उत्तरानुसार...' पुढचं मोजणीदारांनी वाचलं नाही. बावीस वर्षांत त्यांच्या व्याख्येत कुणी चूक काढली नव्हती. त्या दिवशी ते कचेरीत कुणाशी बोलले नाहीत आणि डबाही अर्धाच खाल्ला.

पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पार्किंगमधली त्यांची जागा सतरा फूट लांब आणि आठ फूट रुंद होती. बुधवारी सकाळी कचेरीत जाण्याआधी त्यांनी त्या जागेत खडूने घरगाडीचा पूर्ण आकारातला नकाशा काढला. ड्रायव्हरची केबिन, ओटा, टेबल, आणि मागच्या बाजूला फळ्यांच्या जागी माणसाच्या लांबीच्या दोन चौकटी. वॉचमनने त्या चौकटी पाहिल्या, टोपी काढली आणि विचारलं, "दोघंही इथंच गेले का, साहेब?" मोजणीदारांनी त्याला सविस्तर समजावलं. त्याने टोपी पुन्हा घातली नाही. संध्याकाळी सेक्रेटरींचं तिसरं पत्र आलं. पार्किंगमध्ये करण्यात आलेलं विनापरवाना बांधकाम सात दिवसांच्या आत पाडून टाकावं, असा त्यात आदेश होता. पाडकामाला वॉचमनला एक बादली पाणी पुरलं.

शनिवारी मोजणीदार आप्पांना घेऊन दुकानात गेले. इतर कुणी यायला तयार नव्हतं. बायकोला पेपर तपासायचे होते, थोरलीच्या खोलीचं दार बंद होतं, आणि धाकटी म्हणाली की ती नसताना घरात काही बोलायची वेळ आली तर कोण बोलणार. दुकानात टाय लावलेला एक विक्रेता होता. त्याने त्यांना एक चोवीस फुटी गाडी दाखवली. ती सतरा फुटांत मावणार नव्हती, पण विक्रेत्याने "आत येऊन फक्त अनुभव घ्या" असं इतक्या अदबीने सांगितलं की नाही म्हणवेना. आप्पा सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. मोजणीदार वरच्या बंकवर चढले, उताणे झोपले, छातीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. माणूस झोपल्यावर कसा दिसेल हे पाहायचं तर माणसासारखं झोपलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

तेवढ्यात एक नवरा-बायको गाडीत आले, आणि विक्रेत्याने त्यांना बंक भिंतीत कसा मिटतो हे दाखवण्यासाठी बटण दाबलं.

मोजणीदार भिंतीत अकरा मिनिटं होते. ओरडणं त्यांना शोभलं नसतं, आणि गादी तोंडावर असल्याने जमलंही नसतं. त्यांनी दोनदा ठोकून पाहिलं. बाहेरून विक्रेत्याचा आवाज ऐकू आला, "बघा, आत काही आहे असं वाटतसुद्धा नाही." त्या बाईंना ही गोष्ट फार आवडली. आप्पांना मुलगा दिसेना तेव्हा त्यांनी आरशातून मागे पाहिलं आणि विचारलं, "आमचा माणूस कुठे उतरला?" मग बटण पुन्हा दाबण्यात आलं. मोजणीदार खाली उतरले, केस नीट केले आणि विक्रेत्याला म्हणाले, "लांबी जास्त आहे."

यानंतर ते एका सुताराकडे गेले. कचेरीतल्या शिपायाने त्याचं नाव सुचवलं होतं. सुताराने दहा वर्षांपूर्वी एका जुन्या सामानाच्या गाडीत आपल्या कुटुंबासाठी स्वतःच्या हाताने घर बसवलं होतं. आता त्याची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला गेली होती आणि गाडी कारखान्याच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. लांबी साडेसोळा फूट. डाव्या बाजूला सरकतं दार. पुढची केबिन आणि मागची खोली यांच्यात लाकडी भिंत, आणि त्या भिंतीला ताटाएवढी खिडकी. मागे एकावर एक दोन फळ्या, त्यांच्या पायथ्याशी दाराला लागून एक उंच कपाट, पसरलं की रुंद बिछाना होईल असं टेबल, आणि एक बाक. रंग उडाला होता, पण कुठे बोट ठेवलं तरी कूस लागत नव्हती. सुताराने प्रत्येक कोपरा घासून गोल केला होता, कारण, तो म्हणाला, "पोरं झोपेत कुठंही डोकं आपटतात."

आप्पांनी गाडी कारखान्याच्या आवारात एक चक्कर फिरवून आणली. परत आल्यावर ते खाली उतरले नाहीत. काचेतून मान बाहेर काढून म्हणाले, "ही घे." आप्पांनी निवृत्त झाल्यापासून कुठल्याही विषयावर इतकं ठाम मत दिलं नव्हतं.

"वरच्या फळीवर कोण झोपणार?" सुताराने विचारलं.

"थोरली मुलगी."

"उंची?"

मोजणीदारांनी खिशातून कागद काढला. घरातल्या पाचही जणांच्या उंच्या त्यांनी नोंदवहीतून उतरवून आणल्या होत्या. "पाच फूट चार."

"मग बसेल. फळी पाच-सहाची आहे."

रविवारी गाडी इमारतीत आणून सगळ्यांनी आत बसून पाहायचं आणि मग काय ते ठरवायचं, असं ठरलं. सेक्रेटरींनी दुपारी दोन ते चार अशी लेखी परवानगी दिली. अटी दोन होत्या. स्वयंपाक करू नये आणि झोपू नये. मोजणीदारांनी उलटटपाली कळवलं की झोपण्यात येणार नाही, आडवं होण्यात येईल.

रविवारी सुताराने गाडी आणून लावली, किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि तो जेवायला घरी गेला. बायको खाली येणारच नव्हती. पण दातांचे डॉक्टर जिन्याखाली उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "बाईंना पसंत नाही म्हणे. यांनीच आपलं डोक्यात घेतलंय," आणि हे वाक्य जिन्यातून वर गेलं. पाच मिनिटांत बायको काखेत उशी घेऊन खाली आली आणि डॉक्टरांकडे न पाहता गाडीत चढली. नवऱ्याशी असलेले मतभेद तळमजल्यावर चर्चेला येणं तिला मान्य नव्हतं. थोरलीही मागोमाग आली, कारण घरात एकटं राहण्याची आता तिलाही लाज वाटली असावी. अर्धी इमारत डोकावून पाहू लागली, म्हणून मोजणीदारांनी सरकतं दार लावून घेतलं.

बायकोने सगळीकडे पाहिलं. ओट्यावर बोट फिरवलं. कपाट उघडलं, त्यातले खण मोजले आणि म्हणाली, "हे कपाट मात्र चांगलं आहे. माझं सगळं सामान यात राहील." गेल्या चार आठवड्यांत तिने कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. मोजणीदारांनी हे मनातल्या मनात तारखेसह नोंदवून ठेवलं आणि जागा वाटून दिल्या. आप्पा बाकावर, ते स्वतः आणि धाकटी टेबलाच्या बिछान्यावर, बायको खालच्या फळीवर आणि थोरली वरच्या.

थोरली वर चढली आणि तिने गुडघे पोटाशी घेतले. "बाबा, ही फळी केवढी आहे?"

"पाच फूट सहा इंच. तू पाच-चार आहेस. दोन इंच मोकळे राहतात."

"बाबा, मी पाच-आठ आहे."

"नोंदीत पाच-चार आहे."

"कधीच्या नोंदीत?"

मोजणीदारांनी कागद उलटून पाहिला. नोंद तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वीची होती. कचेरीत हाताखालच्या माणसांना ते आठवड्यातून एकदा तरी बजावत, की जुन्या कागदावर विसंबू नका, जागेवर जा, टेप लावा. आणि इथे जागा रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होती. ते काहीतरी म्हणणार होते, पण नेमक्या त्याच वेळी थोरलीने, फळीचा अंदाज घ्यावा म्हणून, पाय लांब केले. तिच्या तळव्यांनी कपाटाची बाजू रेटली गेली. कडकन आवाज होऊन ती प्लायवूडची बाजू सुटली, खाली घसरली आणि सरकत्या दाराच्या खाचेत जाऊन रुतली.

आधी मोजणीदारांनी दार ओढलं. मग आप्पांनी ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं. दार हललं नाही. केबिनच्या खिडकीतून आप्पांचा हात जात होता, खांदा जात नव्हता. मागची खिडकी धाकटीला पुरेल एवढीच होती.

बाहेर आता बरीच मंडळी जमली होती. दातांचे डॉक्टर खिडकीशी येऊन म्हणाले, "एकदम ओढू नका. आधी डावीउजवीकडे हलवून सैल करा, मग एका झटक्यात. आणि ओढताना समोरच्याला दुसरं काहीतरी बोलत ठेवायचं." सुताराला फोन लावला, तर तो जेवून आडवा झाला होता. त्याच्या बायकोने त्याला उठवलं तेव्हा तो म्हणाला, पत्र्याला हात लावू नका, मी साडेपाचपर्यंत येतो. चार वाजता खिडकीतून एक लिफाफा आत आला. 'आपल्या परवानगीची मुदत संपली आहे. तरी वाहन अथवा निवास तत्काळ रिकामं करावं.' मोजणीदारांनी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, 'इच्छा आहे,' आणि तो परत दिला.

धाकटीची मात्र चंगळ झाली. खिडकीतून बाहेर जाऊन ती पाणी घेऊन आली, मग बिस्किटं, मग आप्पांचं वर्तमानपत्र. आत आणि बाहेर असे दोन देश झाले होते आणि दोन्हीकडे तिच्यावाचून अडत होतं. एकदा ती बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. वॉचमनच्या खुर्चीवर बसून ती जमलेल्या लोकांना आतली हकिगत सांगत होती.

आत उकडत होतं. आप्पा बाकावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते. मोजणीदार टेबलाच्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपला हा बेत खडूच्या नकाशासारखाच वाहून गेला, असं त्यांना वाटत होतं. मायलेकी वर आणि खाली पडल्या होत्या, दोघींमध्ये एका फळीचं अंतर होतं, आणि दोन तासांत कुणी "पाय आवर" म्हटलं नव्हतं. म्हणण्याची गरजही नव्हती. थोरलीने आपण होऊन ते आवरून घेतले होते.

"आईला विचार," थोरली अचानक म्हणाली, "मी जाणारच आहे, तर माझ्यासाठी फळी कशाला?"

उत्तर आलं नाही, कारण विचारायला धाकटी नव्हती. प्रश्न तसाच हवेत राहिला. आप्पांचं घोरणं थांबलं. मोजणीदारांनी श्वास घ्यायचं काम शक्य तितकं हळू केलं. बाहेर डॉक्टर कुणाला तरी साडूची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

बाहेर साडूची गोष्ट दुसऱ्या सहलीपर्यंत आली.

"सुट्टीत येशील ना?" खालून बायकोचा आवाज आला. मोजणीदारांनी तो आवाज वर्गात ऐकला होता, घरात ऐकला होता, पण इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"येईन."

"मग लागेल."

वर थोरलीने नाक ओढलं. खालून एक रुमाल वर गेला. तो घेतला गेला. एवढंच झालं. मोजणीदारांना वाटलं की आता काहीतरी बोलावं, घरचा कर्ता म्हणून दोन शब्द सांगावेत. पण तोंडावर वर्तमानपत्र असलेल्या आप्पांनी न पाहता हात लांब करून त्यांच्या पोटरीवर ठेवला आणि जोरात दाबला.

सुतार पावणेसहाला आला. त्याने पटाशी घातली, प्लायवूडची बाजू अलगद उचलली आणि दार सरकवलं. बाहेर जवळजवळ सगळी इमारत उभी होती. मोजणीदार, वडील, बायको आणि मुलगी असे ओळीने उतरले, घामाने थबथबलेले, केस विस्कटलेले. सेक्रेटरी पुढे झाले. "झोपलात का?" त्यांनी विचारलं.

"मी झोपलो," आप्पा म्हणाले. "काय लिहायचं ते लिहा."

पुढच्या शनिवारी सगळे सुताराच्या कारखान्यात गेले. या वेळी पाचही जण होते. बायको आली याचं कारण तिने जाताना वाटेत तीनदा सांगितलं. यांच्या मोजण्यावर आता तिचा भरवसा राहिला नव्हता. मोजणीदारांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

सुताराने थोरलीला वर झोपवलं, तिच्या टाचेपाशी पेन्सिलने खूण केली आणि डोकं खाजवलं. "फळी वाढवायची तर कपाटात घुसवावी लागेल. मग कपाट राहत नाही. नाहीतर आहे तशी राहू द्या. पोरगी वर्षातून दोनदा येणार. तेवढ्यापुरते पाय दुमडून झोपेल की."

मोजणीदार कपाटाकडे पाहत होते. गाडीत बायकोला आवडलेली वस्तू ती एकच होती. ते सुताराला म्हणणार होते, की दुसरा काही मार्ग निघतो का ते बघा.

"कपाट काढा," बायको म्हणाली.

"आणि तुमचं सामान?"

"पिशवीत ठेवीन. आणि फळी हिच्या मापाची नको, तीन इंच जास्त ठेवा. अजून वाढेल ती."

"आता नाही वाढणार मी," थोरली वरून म्हणाली. "सतरा पूर्ण झाली मला."

"माझी उंची विसाव्या वर्षापर्यंत वाढत होती."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगायला कशाला पाहिजे? माझीच उंची होती ना?"

"आई म्हणते," धाकटीने सवयीने तोंड उघडलं.

"तू मध्ये बोलू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

कामावरून काढून टाकलेल्या माणसासारखी धाकटी आप्पांजवळ जाऊन उभी राहिली. मायलेकींचं मात्र आता सुरू झालं होतं. उंचीवरून विषय उशीच्या जागेवर गेला. डोकं खिडकीकडे करायचं की आतल्या बाजूला, यावर दोघींची मतं अगदी उलट होती. खिडकीकडे डोकं केलं तर वारा लागतो, असं आईचं म्हणणं. जहाजावर वारा नसतो का, असं मुलीने विचारलं. तिथून वादाला खरं पाणी मिळालं. जहाज, समुद्र, तिथलं जेवण, फोन रोज करायचा की एक दिवसाआड, स्वेटर एक न्यायचा की तीन, दहा मिनिटांवरच्या कॉलेजला काय धाड भरली होती, आणि मुलगी आहे म्हणून कायम दहा मिनिटांवरच राहायचं का, असं पाच आठवडे तुंबलेलं सगळं कारखान्यात बाहेर पडू लागलं. थोरली बोलता बोलता फळीवरून खाली उतरली आणि आईसमोर उभी राहिली, तेव्हा मोजणीदारांना दिसलं की ती आईपेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. बायकोला मान वर करून भांडावं लागत होतं, आणि तिने ती केली होती.

सुतार हातात करवत घेऊन अवघडून उभा होता. गिऱ्हाइकाच्या घरची भांडणं त्याने पुष्कळ पाहिली असतील, पण ती कपाटावरून असतात आणि कपाट हवं म्हणून असतात. तो मोजणीदारांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काम थांबवू का, साहेब? यांचं मिटू दे आधी."

"नको," मोजणीदार म्हणाले. "तुमचं चालू द्या."

"आणि त्यांचं?"

"त्यांचंही."

सुताराने करवत लावली. तिच्या आवाजावर आवाज चढवून दोघी बोलत राहिल्या. मोजणीदारांनी दोन फळ्या जवळ ओढल्या, एक आप्पांना दिली, एकीवर स्वतः बसले, आणि भुशात पाय पसरून सगळं भांडण शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.